शनिवारची परवानगी

देखरेख मंडळाच्या बैठकीतून गुडरून हेलविग बाहेर पडली तेव्हा ती रडण्याच्या बेतात होती. ते कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून ती जिन्याचा कठडा धरून, त्यावरची धूळ तपासत असल्यासारखी, सावकाश खाली उतरली. आडव्या बांध्याची, साठीकडे झुकलेली बाई. आधी क्रेन चालवायची, आता दहाएक वर्षं कामगार परिषदेची अध्यक्ष आणि देखरेख मंडळावर कामगारांच्या तिघांपैकी एक. तिला रडताना कारखान्यात कुणी पाहिलं नव्हतं आणि तो मान आज कुणाला द्यायची तिची इच्छा नव्हती.

वर घडलं ते असं. वेसलकाम्पच्या कारखान्यात खाणीतल्या अवजड ट्रकांचे आस घडवतात. लालबुंद पोलादाचा ठोकळा आत जातो, चार मजली उंच प्रेस त्याच्यावर दाब देतो आणि पलीकडून आस बाहेर येतो. त्या प्रेसला सगळे म्हातारबा म्हणतात, कारण तो कुरकुरतो, गळतो आणि त्याच्यावाचून घर चालत नाही. निम्मा माल अमेरिकेला जातो. अमेरिकेने नव्या वर्षापासून आमच्या जर्मनीतल्या पोलादी मालावर चौथाई आयातकर बसवायचं जाहीर केलं आणि लेने नदीच्या खोऱ्यातल्या एकूण एक मालकाच्या पोटात गोळा आला. संचालक डॉक्टर लुबेरिंग यांनी तो गोळा आज पडद्यावर एक नकाशा दाखवून विरघळवला. हातातली मोठी ऑर्डर वर्ष संपायच्या आत अमेरिकेत उतरवायची. मग उन्हाळ्यात म्हातारबा सुटा करायचा आणि त्यालाही जहाजावर चढवायचं. टेनेसीत शेड बघून ठेवलेली होती. कराच्या भिंतीच्या आतच जाऊन बसलं की कर कसला?

आणि म्हातारबाच्या जिवावर जगणारी तीनशे माणसं? त्यांच्यासाठी पडद्यावर एक करडा चौकोन होता आणि त्यात 'सामाजिक योजना' असं लिहिलं होतं, म्हणजे थोडी भरपाई देऊन घरी पाठवणं. मालकांकडचे सहा हात वर गेले. कामगारांकडचे तीन खाली राहिले. आमच्याकडच्या लोकशाहीचा हा खास प्रकार आहे: तुम्ही हरणार हे आधीच ठरलेलं असतं, पण खुर्ची मऊ असते आणि कॉफी फुकट मिळते. शेवटी मंडळाच्या अध्यक्षांनी चष्मा काढून त्या तिघांकडे पाहिलं आणि सांगितलं की ही धंद्यातली गुप्त बाब आहे, बाहेर एक शब्दही गेला तर कायदा आपलं काम करील. ते धमकी देत नव्हते. पावसाची शक्यता सांगावी तसं सांगत होते, आणि गुडरूनला त्याचाच जास्त राग आला.

गाड्या लावायच्या जागी युनियनचा माणूस तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. तो हागेनच्या कार्यालयातून अशा बैठकांपुरता यायचा आणि अशा बैठका त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. तो म्हणाला, तोंड उघडलंस तर पद जाईल, नोकरी जाईल, वर खटला. आणि गुपित फुटलंच आहे म्हटल्यावर ते उन्हाळ्याचीही वाट बघणार नाहीत. मग त्याने गाडीचं दार उघडलं आणि आत बसता बसता म्हणाला, "पण शनिवार तुझ्या हातात आहे, गुडरून."

तेवढं तिला पुरलं. आमच्या देशात मालक कारखाना विकू शकतो, मोडू शकतो, वाटलं तर चंद्रावर नेऊ शकतो. पण शनिवारी जादा कामाला एका माणसालाही बोलावायचं असेल तर त्याला कामगार परिषदेची परवानगी लागते. परिषद नाही म्हणाली तर नाही. आणि वर्ष संपायच्या आत ती ऑर्डर अमेरिकेत उतरवायची तर ब्रेमरहाफेनहून डिसेंबरच्या सुरुवातीलाच जहाज गाठायला हवं होतं. त्यासाठी लुबेरिंगना तोवरचे सगळे शनिवार हवे होते.

अडचण एवढीच होती की शनिवार कामगारांनाही हवे होते.

शनिवारी दीडपट मजुरी मिळते आणि नाताळ तोंडावर होता. शिवाय ऑर्डर वेळेत गेली तर चाळीसेक कंत्राटी पोरांचं कंत्राट वाढवू असं लुबेरिंगनी जाहीर केलं होतं. त्या चाळिसांत येन्स होता. येन्स हा गुडरूनच्या धाकट्या भावाचा, फोल्कमारचा जावई. त्याची बायको पोटुशी होती. स्वतः फोल्कमार म्हातारबावर पाळीप्रमुख होता, परिषदेतही होता, आणि तिच्या अकरा सभासदांत सगळ्यात मोठा आवाज त्याचा. बहीण काय म्हणेल ते भावाने उचलून धरायचं असं इतकी वर्षं चाललं होतं. लोक गमतीने म्हणायचे की परिषदेत दहा माणसं आणि एक प्रतिध्वनी आहे.

गुडरूनने परिषदेसमोर सांगितलं की शनिवारची परवानगी देऊ नये असं तिचं मत आहे.  कुणीतरी कारण विचारलं. ती म्हणाली, कारण सांगता येत नाही. त्यावर दोघेतिघे हसले, आणि ते हसणं तिला चांगलं ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी असंच ती कित्येक आठवडे गंभीर चेहऱ्याने 'सांगता येत नाही' म्हणत हिंडली होती. कामगारांच्या घरी झोपा उडाल्या होत्या, आणि शेवटी निघालं काय, तर मागचं कुरण एका सुपरमार्केटला विकायचं होतं. तेव्हापासून गुडरूनच्या गालांत गुपितं भरलेली असतात म्हणून ती गुबगुबीत दिसते, असा विनोद कॅन्टीनमध्ये चालू होता.

मतदान गुरुवारी दुपारी ठरलं. बुधवारी फोल्कमार तिच्या खोलीत आला आणि त्याने दार लावून घेतलं. त्याच्या अंगाला तेलाचा आणि जळक्या ग्राफाइटचा वास येत होता. बापाच्या अंगालाही तोच यायचा.

"आता आपण दोघंच आहोत," तो म्हणाला. "बोल."

"बोलण्यासारखं असतं तर तिथेच बोलले असते."

"गुडरून, त्या मंडळाच्या बैठकीत काहीतरी झालंय."

"बैठकीत बैठक झाली."

"हे बघ, माझ्याशी असलं बोलू नकोस. कारखाना बुडतोय का?"

"नाही."

"विकतायत?"

"नाही."

"मग काय आहे? माझी पोरगी सकाळ-संध्याकाळ विचारते, बाबा, येन्सचं काय झालं. तिला काय सांगू? आत्याचा मूड नाही?"

गुडरूनने तोंड उघडलं. खरंच उघडलं. म्हातारबा, टेनेसी, करडा चौकोन, सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण फोल्कमारला ती लहानपणापासून ओळखत होती. तो माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. तिने सांगितलं असतं तर रात्रपाळीला ते कळलं असतं, आणि सकाळी बँकेला, गिऱ्हाइकाला, लुबेरिंगना. तिचं पद गेलं असतं आणि पदाबरोबर शनिवारही. ती तोंड मिटून बसली. दाराबाहेर कुणीतरी कॉफीचं यंत्र चालू केलं आणि ते बराच वेळ घरघरत राहिलं.

"तुला सांगता येत नाही, का सांगायचं नाही?" त्याने विचारलं.

"सांगता येत नाही."

"पुन्हा कुरण विकतायत वाटतं," फोल्कमार म्हणाला आणि निघून गेला. तिच्याविरुद्ध तो पहिल्यांदाच असं बोलला होता, आणि तेही दुसऱ्यांच्या विनोदात.  भावाला दोन थोबाडीत द्याव्यात आणि मग त्याला जवळ घ्यावं, अशा दोन्ही इच्छा तिला एकदमच झाल्या.

तिने मतं मोजून पाहिली. कशीही मोजली तरी तिच्याकडे पाचच होती. सहावं मत मिळायची आशा नव्हती, कारण उरलेल्या सहांतला प्रत्येक जण शनिवारच्या पैशांनी काय घ्यायचं ते उघड बोलून दाखवत होता. लुबेरिंगच्या माणसांनीही असंच मोजलं असणार. म्हणून तर त्यांच्या हातून ती चूक झाली.

गुरुवारी सकाळी फाटकाजवळच्या फलकावर शनिवारच्या पाळीचं वेळापत्रक लागलं. नावांसकट, नीट छापून. कारखान्याच्या नियोजन खात्यातल्या कुणी उत्साही माणसाने विचार केला असेल की दुपारी परवानगी मिळणारच आहे, तर सकाळी लावायला काय हरकत? दुसऱ्या एखाद्या देशात ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आमच्याकडे ओटोकार निगेमान त्या फलकासमोर चष्मा लावून उभा राहिला, त्याने ते एकदा वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

निगेमान हत्यारखान्यातला. परिषदेतला सर्वांत जुना आणि सर्वांत कंटाळवाणा सभासद. बैठक बरोबर वेळेवर सुरू झाली नाही तर त्याची कानशिलं लाल व्हायची. गुडरून त्याच्या मागे त्याच्या नकला करायची आणि त्या छान करायची. दुपारी तो कोट न काढताच खुर्चीवर बसला आणि चर्चा सुरू व्हायच्या आधी त्याने हात वर केला.

"मला शनिवार हवाय," तो म्हणाला. "माझ्या बायकोला स्वयंपाकघरात नवा ओटा हवाय. तिने रंगसुद्धा निवडलाय. पण फलकावर माझं नाव आहे आणि मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी विचारायचं आणि मग लावायचं. आधी लावून मग विचारलं, तर त्याला विचारणं म्हणत नाहीत. माझं मत विरोधात."

"अरे ओटोकार, कागदच आहे, काढून टाकतील," फोल्कमार म्हणाला.

"काढून टाकतील. पण लावला होता."

विरुद्ध सहा, बाजूने पाच. परवानगी नाकारली गेली. तीनशे माणसांचं पोट एका ओट्याच्या रंगाच्या आणि एका कागदाच्या आधारावर उभं राहिलं होतं, आणि हे त्या खोलीत फक्त गुडरूनला माहीत होतं. तिला हसू आलं. तिने ते दाबलं, पण फोल्कमारने ते पाहिलं, आणि त्याला वाटलं ती जिंकल्याबद्दल हसतेय. तो त्या दिवसापासून तिच्याशी बोलेनासा झाला.

पहिला शनिवार कोरडा गेला. म्हातारबा थंड पडून राहिला. सोमवारी गुडरून कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसली तर तिच्या टेबलावरचे तिघे उठले, आणि उठताना त्यांनी वाटाण्याच्या सुपाच्या अर्ध्या थाळ्या बरोबर नेल्या. कुणीतरी तिच्या खोलीच्या दारावर मालकांच्या संघटनेचं सभासदपत्र चिकटवलं आणि त्यात तिचं नाव भरलं. तिने ते काढून खिशात घातलं. घरी तिचा नवरा, जो कारखान्यात नव्हता, शाळेत संगीत शिकवायचा, त्याने विचारलं की नेमकं काय चाललंय. त्यालाही तिने सांगितलं नाही. तोही त्या आठवड्यात तिच्याशी जरा जपूनच बोलत होता, आजारी माणसाशी बोलावं तसा.

दुसरा शनिवारही गेला. मग मंगळवारी सकाळच्या सुट्टीत पटांगणात शिट्ट्या वाजायला लागल्या. संपाच्या वेळी वाजवायच्या त्या लाल प्लॅस्टिकच्या शिट्ट्या युनियननेच वाटलेल्या होत्या, आणि वाटताना पेटी गुडरूनने स्वतः उचलून आणली होती. आता दोन-अडीचशे माणसं त्या शिट्ट्या तिच्या खिडकीकडे तोंड करून वाजवत होती. कंत्राटी पोरं पुढे होती. येन्सने तोंडात शिट्टी धरली नव्हती. तो नुसताच वर बघत होता, आणि गुडरूनला त्या आवाजापेक्षा ते जड गेलं. फोल्कमार लोखंडी पिंपावर चढून बोलत होता. अध्यक्षांनी कारण सांगावं, नाहीतर राजीनामा द्यावा. एवढीच त्याची मागणी होती आणि ती वाजवी होती. त्याच्या जागी ती असती तर तिनेही हीच केली असती.

तेवढ्यात लुबेरिंग तिच्या खोलीत आले. आजवर ते कधी वर आले नव्हते, नेहमी तिलाच बोलावून घ्यायचे. उंच, किडकिडीत, सकाळी उठून डोंगरात पळायला जाणारे गृहस्थ. ते खिडकीपासून दूर बसले.

"हेलविग बाई, तुम्हाला मंडळात जे कळलं ते तुम्ही इथे वापरताय."

"मी काहीच वापरत नाहीये, डॉक्टर. मी फक्त शनिवारी घरी बसतेय."

"मी न्यायालयात जाऊ शकतो. लवादाकडे जाऊ शकतो."

"जा ना. लवाद नेमेपर्यंत नवं वर्ष उजाडेल. येताना फटाके घेऊन या."

लुबेरिंग हसले नाहीत. त्यांनी हाताची बोटं एकमेकांत गुंतवली आणि आवाज खाली आणला. ते म्हणाले की ते एक तोड घेऊन आलेत. चाळीसही कंत्राटी कामगार कायम करायचे, आजच. कंत्राट वाढवायचं नाही, थेट कायम. बदल्यात उरलेले शनिवार.

"तुमच्या भावाचा जावईही त्यांत आहे, मला वाटतं," ते म्हणाले. "तुम्ही आत्ता खिडकी उघडून हे जाहीर करू शकता. शिट्ट्या थांबतील."

खाली शिट्ट्यांचा जोर वाढला होता. गुडरूनला त्या क्षणी काय हवं होतं हे सांगायला लाज वाटायचं कारण नाही: तिला खिडकी उघडायची होती. खिडकी उघडावी, ओरडून सांगावं, आणि खालच्या सगळ्या चेहऱ्यांनी पुन्हा आपल्याकडे नीट बघावं. फोल्कमारने पिंपावरून उतरून वर यावं. येन्सच्या बायकोने फोन करावा. हे सगळं एका खिटीच्या अंतरावर होतं. तिचा हात टेबलावर होता आणि तो तिने तिथेच ठेवला.

"कायम करून उन्हाळ्यात त्यांना कुठे ठेवणार?" तिने विचारलं. "करड्या चौकोनात?"

लुबेरिंगनी गुंतवलेली बोटं सोडवली.

"मला म्हातारबा हवाय," ती म्हणाली. "इथेच, याच शेडमध्ये, पुढची आठ वर्षं. आणि आठ वर्षं त्याच्यावरच्या एकालाही काढायचं नाही. सहीनिशी. ते झालं की शनिवार तुमचे. रविवारही घ्या, मी स्वतः क्रेनवर चढते."

"आणि चाळीस जण?"

"त्यांनाही ठेवा."

"दोन्ही नाही," लुबेरिंग म्हणाले. "दोन शनिवार तुम्ही घालवलेत. आता काहीही केलं तरी एक तृतीयांश मालाचं जहाज चुकणार आणि त्यावर आम्ही कर भरणार. तो कुठून तरी निघायला हवा. निवडा तुम्ही."

मालकलोकांची ही जुनी खोड आहे. खड्डा ते खणतात आणि आत कुणाला ढकलायचं ते तुम्हाला निवडायला सांगतात. गुडरूनने खिडकीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला ते जमलं नसतं. ती म्हणाली, "म्हातारबा."

लुबेरिंगनी मालकांशी फोनवर बोलायला दोन दिवस घेतले.  तेवढ्या वेळात तिने घरातले सगळे पडदे धुवून इस्त्री केले, ते पुन्हा लावले आणि मग तिच्या लक्षात आलं की बैठकीच्या खोलीतले तिने उलटे लावलेत. शुक्रवारी सही झाली. करारात एक कलम होतं की याआधी कारखान्याच्या भवितव्याबद्दल जो काही विचार झाला असेल त्याची वाच्यता आता किंवा पुढे कधीही करायची नाही. ते मोडलं तर आठ वर्षांची हमी रद्द. गुडरूनने ते कलम वाचलं आणि तिला कळलं की हे तिच्या तोंडाला लावलेलं कुलूप आहे आणि किल्ली नदीत फेकलेली आहे. तिने सही केली. त्याच दुपारी परिषदेने शनिवारला मंजुरी दिली आणि निगेमानने या वेळी बाजूने मत दिलं, कारण फलक कोरा होता.

लुबेरिंगनी कामगारांच्या सभेत घोषणा केली की इतक्या कठीण काळातही मालकांचा या खोऱ्यावर विश्वास आहे आणि तो दाखवण्यासाठी त्यांनी आपण होऊन आठ वर्षांची हमी दिली आहे. टाळ्या पडल्या. मग त्यांनी खेदाने सांगितलं की उशीर झाल्यामुळे कंत्राटी मंडळींना वर्षअखेर निरोप द्यावा लागेल. उशीर कुणामुळे झाला हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, दोन-अडीचशे माना आपोआप वळल्या.

फोल्कमार उभा राहिला. तो बहिणीशी बोलत नव्हता, म्हणून तो सभेशी बोलला. "म्हातारबा कुठे जाणार होता?" त्याने विचारलं. "चार मजली म्हातारा, रुजलाय जमिनीत. त्याला हलवायची हमी घेतली असती तर मी मान डोलावली असती. हिने नदीकडून ओली राहायची हमी आणलीय, आणि तिच्यापायी आपली चाळीस पोरं घरी बसवलीयत."

सगळे हसले. बोलणं खरंच मजेशीर होतं. गुडरून व्यासपीठावर बसून होती आणि तिलाही, देव जाणे कसं, ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मग तिने हातातल्या पाण्याच्या पेल्यात बघितलं आणि तो रिकामा होईपर्यंत ती पाणी पीत राहिली.

येन्सला डॉर्टमुंडला एका गोदामात काम मिळालं, रात्रपाळीचं. फेब्रुवारीत त्याला मुलगी झाली. नामकरणाला चर्चमध्ये सगळे श्ट्राके, म्हणजे गुडरूनच्या माहेरचे, आणि त्यांचे सोयरे जमले होते. गुडरूनला बोलावणं नव्हतं. तिने बाळासाठी विणलेलं झबलं पोस्टाने पाठवलं आणि ते तसंच परत आलं.

वसंतात परिषदेची निवडणूक झाली. गुडरून पडली. नुसती पडली नाही, साफ आपटली. फोल्कमार अध्यक्ष झाला. त्याच सुमारास देखरेख मंडळावरच्या कामगारांच्या जागांचंही मतदान झालं आणि तिथेही फोल्कमार निवडून आला. त्याने या निमित्ताने एक चांगला सूट शिवून घेतला, असं निगेमान तिला सांगून गेला. निगेमान आता अधूनमधून तिच्याशी बोलायला यायचा. तिला ते आवडायला लागलं होतं आणि आता ती त्याच्या नकला करत नव्हती. गुडरून क्रेनवर परत गेली. वरून तिला भावाचं पिवळं शिरस्त्राण दिसायचं, म्हातारबाच्या पायथ्याशी इकडून तिकडे फिरताना. कधी कधी मोठा ठोकळा तिने अलगद त्याच्यासमोर आणून ठेवला की तो वर न बघता हात हलवायचा. ते क्रेनसाठी होतं, तिच्यासाठी नव्हतं.

मेच्या शेवटी, एका संध्याकाळी, दार वाजलं. गुडरून स्वयंपाकघरात शतावरीचे कोंब सोलत बसली होती. नवरा गायकवृंदाच्या तालमीला गेला होता. दारात फोल्कमार होता. अंगात नवा सूट, टाय सैल केलेला, आणि चेहरा असा की तिला आधी वाटलं कुणीतरी गेलं.

"कोण?" तिने विचारलं.

"कुणी नाही. सगळे बरे आहेत." तो आत आला, टेबलापाशी बसला, मग उठला आणि पुन्हा बसला. "आज मंडळाची पहिली बैठक होती."

"हो. ऐकलं होतं."

"बैठक संपल्यावर जेवण होतं. अध्यक्षांनी जरा घेतली होती. तर ते हसत हसत मला म्हणाले की श्ट्राके, तुमच्या बहिणीने गेल्या हिवाळ्यात आम्हाला..."

"फोल्कमार, गप्प बस."

"मला फक्त एवढंच..."

"नाही. तिथलं तिथे. तू बांधील आहेस आणि मी आता सभासद नाही. मला काहीही सांगायचा तुला अधिकार नाही. बायकोला नाही, पोरीला नाही. आठ वर्षं त्यावर टांगलेली आहेत, कळलं?"

त्याने मान हलवली. त्याने खालचा ओठ दातांत धरला. लहानपणी सायकलवरून पडला की धरायचा तसाच.  इतके महिने ती या घटकेची वाट बघत होती. कुणाला तरी कळावं, आणि ते फोल्कमारला कळावं, असं तिला रोज क्रेनची शिडी चढताना वाटायचं. आता त्याला कळलं होतं, तो सांगायला आला होता, आणि तिने स्वतःच त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. तिला इतकं वाईट वाटलं आणि इतकं बरंही वाटलं की सुरी हातातून खाली ठेवावी लागली.

"उद्या सकाळी सगळे विचारतील," तो म्हणाला. "बैठकीत काय झालं म्हणून. मी निवडणुकीत सांगितलं होतं, मी सगळं सांगत जाईन."

"मी ऐकलं होतं ते भाषण. छान केलंस."

"काय सांगू त्यांना?"

"सांग की कॉफी चांगली होती."

त्याला हसू आलं नाही. "आणि येन्सला?"

  डॉर्टमुंडहून येन्स रोज पहाटे येतो, झोपतो आणि पोरगी जागी असते तेव्हा पुन्हा निघतो, हे तिला निगेमानकडून कळत होतं. ती म्हणाली की येन्सला काही सांगू नकोस. त्याला माझ्यावर रागावू दे, त्याचा तो हक्क आहे.

 फोल्कमारने सूटच्या बाह्या वर सारल्या, समोरची जुडी ओढली आणि सोलायला लागला. तो फार जाड सोलत होता, अर्धी शतावरी सालांतच जात होती. एरवी तिने त्याच्या हातातून सुरी हिसकावून घेतली असती. आज तिने काही म्हटलं नाही. ती उठली, चुलीवरच्या पातेल्यात आणखी दोन बटाटे टाकले आणि तिसरं ताट काढलं.